झोपाळ्याची सागवानी फळी पॉलिशला दिली, परत आली ती दुसरीच

सांगलीत कुणी जुनं फर्निचर पॉलिशला देणार असाल तर आधी हे वाचा. आमचं घर गावभागात, 2019 च्या पुरात झोपाळा पाण्याखाली होता, फळी काळपट पडली पण सागवान ते, वाकलं नाही. आजोबांच्या वेळची सहा फुटी अखंड फळी, डाव्या कडीपाशी डोळ्यासारखी एक गाठ, लहानपणी आम्ही सगळी त्या गाठीवरनं बोट फिरवत बसायचो.

दिवाळीआधी पॉलिशवाल्याला बोलावलं. मी म्हणलं हलकी शेड द्या, रेषा दिसल्या पाहिजेत, तर तो म्हणला "ताई, डार्क वॉलनट घ्या, ग्रेन उठून येतो" आणि स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारलेला सागाचा तुकडा दाखवला, खरंच सुंदर होता. सागाच्या छिद्रांत रंग जास्त बसतो म्हणून रेषा गडद दिसतात हे बरोबर, पण जादाचा स्टेन कापडानं पुसून घेतला तरच. जाड थर दिला की सगळं झाकतं, आणि त्याला झाकायचंच होतं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे, म्हणजे वाळल्यावर रिमूव्हरनं न विरघळणाऱ्या कडक थराचे, 8 हजार ठरले, फळी टेम्पोतनं त्याच्या वर्कशॉपला गेली.

आली ती चकचकीत चॉकलेटी. गडबडीत पैसे देऊन टाकले. भाऊबीजेला आत्या झोपाळ्यावर बसली आणि म्हणली "अगं, गाठ कुठाय?" मी खालच्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हर चोळला, कापूस तपकिरी झाला आणि आत पांढुरकं लाकूड, बोटांत बोटं अडकवल्यासारखे सांधे. ओळखीचे सुतारकाका बघताक्षणी म्हणले, रबरवुडचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचे, तुकडे जोडलेत. आणि रिमूव्हरनं सुटलं म्हणजे पीयू पण नव्हतं, साधं लॅकर.

तो म्हणतो तुमची हीच फळी होती. पोलिसात अर्ज दिला, तिथं पहिला प्रश्न, आधीचा फोटो आहे का? नाही हो, झोपाळ्याच्या फळीचा फोटो कोण काढून ठेवतं! तुम्ही मात्र काढा, दोन्ही टोकांच्या आडव्या कापाचा पण. काम शक्यतो घरीच करून घ्या. शेड दुसऱ्याच्या तुकड्यावर बघून ठरवू नका, आपल्याच लाकडाच्या खालच्या बाजूला लावायला सांगा, वर क्लिअर कोटचा हात मारून, कारण त्यानं रंग अजून गडद होतो, आणि दिवसाउजेडी बघा. घासलेल्या लाकडावर नुसतं ओलं फडकं फिरवलं तरी क्लिअर पॉलिशनंतर कसं दिसेल याचा अंदाज येतो, चांगल्या सागाला बऱ्याचदा स्टेनची गरजच पडत नाही.

सांगली, मिरज, कुपवाडकडं कुठं सहा फुटी अखंड सागवानी फळी विकायला दिसली, कडीच्या भोकाभोवती लोखंडाचा काळा डाग आणि शेजारी गाठ, तर प्लीज कळवा.