सक्तीची लायसन्स फी, दरमहाचं केबल की फुकटची छत्री: टीव्हीवरचा पैसा कुठे वसूल होतो?

ब्रिटनमध्ये थेट टीव्ही बघायचा तर लायसन्सची सक्तीची फी भरावी लागते आणि तिच्यावर बीबीसी चालते. तिचा दर 2025-26 मध्ये वर्षाला 174.50 पौंड होता. एका पौंडाला 115 रुपये धरले तरी हे वीस हजारांवर जातं. लातूर-हिंगोलीकडच्या माणसाला हा आकडा सांगितला की पहिला प्रश्न येतो, "टीव्ही बघायला सरकारला वीस हजार? आणि नाही भरले तर दंड?" हो, दंडही आहे, 1,000 पौंडांपर्यंत आणि वर कोर्टाचा खर्च.

पण रुपयांत मोजून ही तुलना फसते, मजुरीत मोजली तर चित्र उलटं दिसतं. ब्रिटनचा किमान वेतनदर 2025-26 मध्ये 21 वर्षांवरील कामगारासाठी तासाला 12.21 पौंड होता. म्हणजे वर्षाचं लायसन्स साधारण सव्वाचौदा तासांच्या कामात निघतं, दोन दिवसही पुरते लागत नाहीत. आपल्याकडे केबलचं साधं पॅक महिना 300 रुपये धरू, वर्षाचे झाले 3,600. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे साडेअकरा दिवसांची हजेरी. तिकडची रक्कम सक्तीची, इकडची आपखुशीची. पण कमाईच्या मानाने जड आहे ती आपखुशीचीच. टीव्हीवरचा खर्च कुठे कमी करायचा हे ठरवताना हा हिशेब डोक्यात असावा.

आपल्याकडची सक्ती कुठे गेली?

लायसन्स आपल्याकडेही होतं. रेडिओचं वर्षाला 15 रुपये, टीव्हीचं 50. पोस्टात जाऊन पुस्तकावर तिकिटं चिकटवून घ्यायची, तपासनीस आला की दाखवायची. 1980 च्या दशकाच्या मध्यावर हे सगळं रद्द झालं आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा खर्च सरकारी तिजोरी आणि जाहिरातींवर आला. म्हणजे सक्ती संपली नाही, ती करात मुरली. आजही या दोन्ही चालवणाऱ्या प्रसार भारतीचा मोठा खर्च केंद्राच्या अनुदानातून चालतो. जानेवारी 2023 मध्ये दूरदर्शन-आकाशवाणीच्या यंत्रणेसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर झाली. देशाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी 18 रुपये, तेही काही वर्षांत मिळून. दुर्गम भागांत आणि आकांक्षित (सरकारने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांत आठ लाखांवर सेट टॉप बॉक्स फुकट वाटण्याची तरतूदही त्यात होती. आपला धाराशिव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे.

दुसरी सक्ती केबल आणि डीटीएचच्या बिलात बसली आहे. तिचं नाव नेटवर्क कपॅसिटी फी, बिलावर 'एनसीएफ'. चॅनल कुठलंही घ्या, एकही पैशाचं चॅनल घेऊ नका, ही द्यावीच लागते. ट्राय या सरकारी नियामकाने आधी तिला 130 रुपयांची मर्यादा घातली होती. 18 टक्के जीएसटी धरून 153.40, वर्षाला 1,840.80, म्हणजे सहा दिवसांची रोजगार हमी फक्त तार घरात येण्यासाठी. जुलै 2024 मध्ये ही मर्यादाही काढली गेली, आता कंपनी आपला दर स्वतः जाहीर करते. तेव्हा केबलवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न "पॅक केवढ्याचं?" हा नको. एनसीएफ किती, चॅनलचे किती, जीएसटी किती, हे तीन आकडे वेगळे मागा. ते सांगता येत नसतील तर पावतीही मिळणार नाही असं समजा.

ब्रिटनच्या लायसन्सच्या पैशांत मिळतं काय

बीबीसीच्या टीव्ही वाहिन्या, राष्ट्रीय आणि स्थानिक रेडिओ, आयप्लेअर (कार्यक्रम बघायचं बीबीसीचं अॅप), संकेतस्थळ, आणि या कशावरही ब्रिटनमध्ये जाहिरात नाही. हा शेवटचा मुद्दा किमतीत धरायला हवा. आपल्याकडे नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिरातींना मुभा आहे. म्हणजे पैशाचं चॅनल घेतलं तरी त्याची किंमत दोनदा मोजली जाते, एकदा रिचार्जमध्ये आणि एकदा वेळात.

उणं हे, की बीबीसी बघायचीच नसेल तरी सुटका नाही. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण बघायला लायसन्स लागतं. आयटीव्ही या खासगी वाहिनीवरची मालिका लागताना बघितली तरी लागतं. उत्पन्नाप्रमाणे दर नाही. लखपतीला आणि सफाई कामगाराला एकच रक्कम. 75 वर्षांवरच्यांना आधी सरसकट माफी होती, ऑगस्ट 2020 पासून ती फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांची सरकारी मदत) घेणाऱ्या घरांना उरली. अंधांना निम्मा दर.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढले. जर्मनीत 2013 पासून घरटी वर्गणी आहे, टीव्ही असो वा नसो, महिना 18.36 युरो. फिनलंडने त्याच वर्षी उत्पन्नाशी जोडलेला कर आणला. फ्रान्सने 2022 मध्ये 138 युरोंची फी रद्दच केली. गरिबाच्या बाजूने बघितलं तर फिनलंडची रीत सर्वांत न्याय्य वाटते. मात्र कर जितका सरकारच्या हातात, तितकी वाहिनीची मानही. दूरदर्शनच्या बातम्या रोज बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मराठवाड्यातल्या घरासाठी: फ्री डिश की केबल?

आपल्याला लायसन्स भरायचं की नाही हा प्रश्न नाही, दरमहा भरायचं की नाही हा आहे. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची बिनपैशाची छत्रीची सेवा डिसेंबर 2004 पासून चालू आहे. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर मिळून साधारण दीड-दोन हजार एकदाच, नंतर महिन्याला शून्य. 300 रुपयांच्या केबलशी तुलना केली तर सहा-सात महिन्यांत खर्च फिटतो.

मिळतं काय? सह्याद्री, डीडी किसान, डीडी न्यूज, हिंदी सिनेमे आणि मालिकांच्या काही वाहिन्या, बातम्या, काही मराठी खासगी वाहिन्या. पण मराठी मालिकांच्या मोठ्या, पैशाच्या वाहिन्या सहसा इथे नसतात. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून यादी बदलत राहते. 1 एप्रिल 2022 ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही एकदम गेल्या. कोणाकडे तक्रार करणार? पैसे दिलेलेच नाहीत. घरात संध्याकाळी सात ते दहा ठरलेल्या मराठी मालिका चालत असतील तर फ्री डिश लावून भांडण विकत घेऊ नका.

क्रिकेटचं मात्र उलटं आहे आणि हे फार जणांना माहीत नसतं. 2007 च्या कायद्याने भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने खासगी वाहिनीला दूरदर्शनला द्यावे लागतात. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खासगी वाहिनीकडून मिळालेलं हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांना द्यायचं नाही. म्हणून तोच सामना फुकटच्या छत्रीवर दिसतो आणि पैसे भरलेल्या केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाही. आयपीएल यात बसत नाही.

लाइटचा मुद्दा आपल्या भागात पैशाइतकाच मोठा. केबलचा सिग्नल खांबांवरच्या अॅम्प्लिफायरमधून येतो. मधल्या गल्लीची लाइट गेली आणि तिथे बॅकअप नसेल तर तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही पडदा निळाच. छत्रीला बाहेरची वीज लागत नाही. एलएनबीला बॉक्सच वायरीतून वीज देतो. उलट जोराच्या पावसात केबल टिकून राहते आणि छत्रीचं चित्र फुटतं, कारण छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. पाऊस ओसरला की आपोआप येतं, तेव्हा छतावर चढून छत्री हलवू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दिवसा पाच-दहा मिनिटं चित्र जातं, तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. त्यालाही इलाज नाही, गरजही नाही.

छत्री लावताना

उपग्रह जीसॅट-15, जागा 93.5 अंश पूर्व. मराठवाड्यातून तो आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण 136 ते 139 अंश, क्षितिजापासून 59 ते 61 अंश वर. संभाजीनगरला थोडा खाली, नांदेड-लातूरला थोडा वर. छत्री ऑफसेट प्रकारची असते (सिग्नल समोरून नाही, तिरका वरून घेणारी), त्यामुळे तिचं तोंड दिसायला इतकं वर दिसत नाही. उघड्या डोळ्यांनी अंदाज धरला तर नेहमी जास्त कलंडवली जाते. आग्नेयेला लिंबाचं झाड किंवा शेजारचा मजला आडवा येत नाही ना, हे आधी बघा.

छत्री ज्यावर बसते ती नळी ओळंब्यात उभी हवी. ती तिरकी असेल तर बाजूला फिरवताना उंचीही बदलते आणि तास जातो. पत्र्यावर बसवू नका. वाऱ्याने पत्रा हलतो आणि चित्र अडकतं. भिंतीला किंवा स्लॅबला घट्ट करा. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. 'स्ट्रेंग्थ' भरलेली आणि 'क्वालिटी' शून्य म्हणजे एलएनबी जिवंत आहे, नेम चुकला आहे. दोन्ही शून्य म्हणजे वायर किंवा जोडणी बघा. क्वालिटी यायला लागली की बोटभर बोटभर हलवा, शेवटी एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून क्वालिटी आणखी वाढते का ते बघा, मगच नट आवळा. वायर आरजी-6 घ्या, मधे जोड नको, आणि एलएनबीपाशी वायरीला खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. वर्षा-दोन वर्षांनी गेलेल्या सिग्नलमागे बहुधा गंजलेला कनेक्टरच असतो.

जुनी छत्री घरावर पडून असेल तर नवी घेऊ नका. डिश टीव्हीची असेल तर तिचा उपग्रह 95 अंशांवर आहे, जेमतेम दीड अंशाचा फरक. किंचित पूर्वेकडून दक्षिणेकडे सरकवायची. टाटा प्लेची 83 अंशांवरची, ती पूर्वेकडे बरीच फिरवावी लागते. एलएनबी युनिव्हर्सल आहे ना, एवढं तपासा. बॉक्स मात्र एमपेग-4 चाच घ्या. बाजारात जुने एमपेग-2 दोन-तीनशेंनी स्वस्त मिळतात आणि बऱ्याच वाहिन्या दाखवत नाहीत. काही नव्या टीव्हींना मागे सॅटेलाइट ट्यूनरचं तोंड असतं, तिथे बॉक्सही लागत नाही.

मोबाइलवर सगळं बघू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: साध्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी जातो. रोजच्या दीड जीबीत घरातल्या एकाचीच मालिका बसते. नोव्हेंबर 2024 पासून प्रसार भारतीचं 'वेव्हज' अॅप आहे, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात. सह्याद्री तेवढी हवी असेल तर तेच पुरे.

आमच्या मते बहुतेक घरांनी फ्री डिश पाया म्हणून लावावी. ठरलेल्या मराठी मालिका सुटत नसतील तरच तेवढ्यासाठी वेगळं पॅक घ्यावं. शेती आणि बातम्यांसाठी दरमहा पैसे भरण्यात अर्थ नाही. परभणी आकाशवाणी आणि सह्याद्री दोन्ही करातून आधीच भरून झालेत.

मुलगा किंवा मुलगी शिकायला ब्रिटनला जात असेल तर

इथे मात्र लायसन्सचा प्रश्न खराखुरा येतो. नेटफ्लिक्स, यूट्यूबचे साधे व्हिडिओ, मराठी मालिकेचा आधी प्रसारित झालेला भाग अॅपवर बघणं, याला लायसन्स लागत नाही. कुठल्याही देशातल्या टीव्ही वाहिनीचं थेट प्रक्षेपण बघायला लागतं, मोबाइलवरही. मराठी वृत्तवाहिनी यूट्यूबवर थेट बघणंही त्यात येतं. बीबीसी आयप्लेअरला तर थेट असो वा जुना भाग, लागतंच.

वसतिगृहात खोलीगणिक वेगळं. भाड्याच्या घरात सगळ्यांचा एकच करार असेल तर घराला एक पुरतं, चौघांत वाटून घ्या. प्रत्येकाचा करार वेगळा असेल तर खोलीत बघणाऱ्याला आपलं आपलं. हप्त्याने भरायचं ठरवलं तर पहिल्या वर्षाची रक्कम सहा महिन्यांत वसूल होते, म्हणजे 2025-26 च्या दराने सुरुवातीला महिना 29 पौंड जात. खात्यात तेवढे ठेवा. काहीच थेट बघणार नसाल तर 'लायसन्सची गरज नाही' अशी नोंद संकेतस्थळावर करा. नाहीतर दारात पत्रं येत राहतात, भाषा धमकीची असते. तपासनीस आला तरी वॉरंट नसेल तर त्याला घरात घ्यायचं बंधन नाही. एक वर्षाचा अभ्यासक्रम संपवून परत येताना मुदतीचे पूर्ण महिने उरले असतील तर त्यांचा परतावा मागता येतो. अर्ज तिकडचं बँक खातं बंद करण्याआधी करा.