पालेभाजीसाठी टोफू घेताय? आधी पाकीट उलटं करा

मुंबईत आता टोफू शोधावा लागत नाही. दादर-माहीमच्या मोठ्या किराणा दुकानांत दही-पनीरच्या शेजारीच, थंड कपाटात त्याची पाकिटं असतात. घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर तर चार-पाच कंपन्यांचे टोफू एकाखाली एक दिसतात. रोजच्या माठ-मेथी-शेपूत घालायला यातला कुठला घ्यावा आणि कुठला घेऊ नये, एवढंच मला इथे सांगायचं आहे. चिली टोफू, टोफू टिक्का यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आपल्या पालेभाजीत तो कसा वागतो यावर मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा खटाटोप.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घरात नवऱ्याला डॉक्टरांनी साय-लोणी-पनीर कमी करायला सांगितलंय, सासूबाईंना दूध पचत नाही आणि मुलीला डबा एक वाजता गार झाल्यावर खायचा असतो. तिघांच्याही ताटात पालेभाजी रोज असते, त्यामुळे टोफू आमच्याकडे पालेभाजीच्या वाटेनेच आला आणि तिथेच राहिला.

पाकीट हातात घेतलं की पुढचं चित्र बघू नका, मागची बाजू वाचा. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून, गाळून दूध काढतात, ते साकळवतात आणि दाबून त्यातलं पाणी काढतात, म्हणजे टोफू झाला. साकळवायला काय घातलंय ते मागे बारीक अक्षरात आकड्यात छापलेलं असतं. ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट, साध्या भाषेत जिप्सम. ५०९ कॅल्शियम क्लोराइड. ५११ मॅग्नेशियम क्लोराइड, निगारीतला, म्हणजे जपानात टोफू साकळवायला वापरतात त्या समुद्री क्षारातला, मुख्य घटक. ५७५ म्हणजे ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन आणि ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड. घरात दूध पिणारं कुणी नसेल तर ५१६ किंवा ५०९ शोधा, कारण त्यातलं कॅल्शियम टोफूतच राहतं आणि आपल्या पोटात जातं. नुसत्या ३३० वर साकळवलेल्या टोफूत ते मिळत नाही, शिवाय मी घेतलेल्या अशा पाकिटांत किंचित आंबट चव होती आणि कापताना कडा भुरभुरत होत्या. तुरीच्या आमटीत ती चव लपली असती. मेथीत लपत नाही.

मी जो नेहमी घेते तो २०० ग्रॅमचा, थंड कपाटातला, ५१६ वाला घट्ट टोफू. ऐंशी ते शंभर रुपयांत मिळतो, दोन वेळच्या भाजीला पुरतो. पाकिटावर १०० ग्रॅमला १३ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली आहेत. पनीरमध्ये प्रथिनं याहून जास्त असतात हे खरं, पण स्निग्धांशही त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि आमच्या घरात तोच कमी करायचा होता. पालेभाजीसाठी या टोफूला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

आता खरी गोष्ट, शिजवण्याची. पनीर जसं सरळ कढईत टाकतो तसा टोफू टाकला की भाजीचं पाणी पाणी होतं. पाला स्वतःच पाणी सोडतो, त्यात टोफूतलं मिसळलं की फोडणीचा स्वाद गेलाच. म्हणून टोफू आधी वेगळा तयार करायचा. सुती फडक्यात गुंडाळून पाट्यावर ठेवायचा आणि वर आडवा वरवंटा. अर्ध्या तासात फडकं चिंब होतं. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे करून उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे, गॅस बंद, दहा मिनिटं झाकण. पाण्यात टाकून पाणी कसं निघेल, असं कुणालाही वाटेल. पण खारट गरम पाण्यात वरच्या थरातलं पाणी बाहेर येतं आणि आत मीठ शिरतं. टोफूला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि तेलातला मसाला त्याच्या आत जात नाही, बाहेरच चिकटून राहतो. मीठ मात्र पाण्यातून जातं. या एका पायरीने आळणी टोफूची तक्रार आमच्याकडे बंद झाली.

नंतर तुकडे पुसून लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात. टाकल्या टाकल्या उलथनं लावलं की तळ तव्यालाच राहतो. थांबायचं. तीन-चार मिनिटांनी कड सोनेरी होते आणि तुकडा आपोआप सुटतो. हे तुकडे बाजूला ठेवून भाजी करायची आणि गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटं त्यात सोडायचे.

लाल माठाबरोबर हा टोफू सर्वांत छान जमतो, असं माझं ठाम मत आहे. ठेचलेला लसूण, सुकी मिरची, उभा कांदा, वर कोवळ्या देठांसकट चिरलेला माठ, मीठ शेवटी आणि मूठभर ओलं खोबरं. माठाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे तो टोफूच्या कडांना धरतो. तुकडा कापला तर आत पांढरा, कडेला गर्द गुलाबी पट्टी आणि तव्यावर भाजलेली बाजू तपकिरी. डबा उघडल्यावर मुलीच्या मैत्रिणी आधी हा रंग बघतात आणि मग चमचा घालतात. खोबऱ्याचा गोडवा आणि माठाची ती किंचित मातकट चव यांच्यामध्ये टोफू शांत बसतो, कुठल्याच चवीवर कुरघोडी करत नाही. पनीर करतं.

समुद्रमेथीचं वेगळं. ही आपली मुंबईची खासियत, किनाऱ्याजवळच्या रेतीत वाढवलेली इवली इवली मेथी, मुळांसकट बांधलेल्या छोट्या छोट्या जुड्यांत मिळणारी. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर सकाळी वसई-विरारकडच्या भाजीवाल्या बसतात, त्यांच्याकडे ती ताजी असते. मुळं कापून पाला मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने वर-खाली करायचा, रेती तळाला बसली की पाला वरून उचलायचा. पातेलं तिरकं करून पाणी ओतू नका, रेती परत पाल्यात येते. पाण्याच्या तळाला एकही कण दिसेनासा होईपर्यंत हे करायचं, कारण भाजीत एक कण जरी राहिला तरी दातांखाली कचकन येतो. ही मेथी दोन-तीन मिनिटांत शिजते, त्यामुळे इथे तुकडे नकोत. दाबलेला टोफू हाताने कुस्करून कांद्या-लसणावर आधी खमंग परतायचा आणि मेथी अगदी शेवटी. पीठ पेरून केलेल्या भाजीला जो मोकळेपणा येतो तो येतो आणि डाळीच्या पिठाचा जडपणा नसतो.

शेपूला मी गोठवलेला टोफू वापरते. पाकीट रात्रभर फ्रीझरमध्ये टाकायचं, सकाळी बाहेर काढून सुटू द्यायचं आणि दोन्ही तळहातांत दाबून पिळायचं. आतल्या पाण्याचा बर्फ होताना जाळी पडते, ती तशीच राहते. रंग पिवळसर होतो, त्याने घाबरू नका. जपानात असाच गोठवून वाळवलेला टोफू जुन्या काळापासून खातात, त्याला कोयादोफू म्हणतात. हा पिळलेला टोफू शेपूचा रस ओढून घेतो आणि भिजवलेल्या मूगडाळीच्या जोडीला चावायला काहीतरी मिळतं. ज्यांना शेपूचा वास उग्र वाटतो त्यांना ही भाजी वाढून बघा.

सासूबाईंसाठी मात्र घट्ट टोफू कामाचा नाही. त्यांची कवळी, आणि त्यांना हवी पातळ भाजी. त्यासाठी मोरी-नू या ब्रँडचा मऊ टोफू. हा जपानी पद्धतीचा, खोक्यातच साकळवलेला, न फोडता फ्रीजबाहेर राहतो, त्यामुळे एखादं खोकं फडताळात कायम असतं. महाग पडतो आणि प्रथिनंही घट्ट टोफूच्या निम्म्याच्या आसपास, पण या कामाला त्याला तोड नाही. चुका आणि पालक एकत्र शिजवून घोटायचे, थोडं बेसन लावायचं, गूळ, हिरवी मिरची. चुका लोखंडी कढईत करू नका, आंबटपणामुळे भाजी काळी पडते. उकळी आली की आच मंद करून मोठ्या चमच्याने टोफूचे लगदे भाजीवर सोडायचे, डावाने ढवळायचं नाही, झाकण ठेवून पाच मिनिटं. वरून भरपूर लसणाची चरचरीत फोडणी. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे खरवसासारखं लागतंय गं जिभेला." रत्नागिरीच्या घरी गोठा होता त्यांच्या. दूध बंद झाल्यापासून त्या माणसाने खरवसाचं नाव काढलं नव्हतं. या खोक्याला पाचपैकी किती गुण द्यायचे ते मी त्यांच्यावर सोडलं, त्यांनी पाच दिले.

पालक, चुका, माठ, अळू यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणजे ५१६ वाल्या टोफूचं कॅल्शियम पुरेपूर हवं असेल तर त्याला मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला किंवा कोबी जास्त मानवतो. मी म्हणून आठवड्यात एकदा तरी मुळ्याचा पाला करते: पाला चिरून, मुळ्याच्या पातळ चकत्या, मोहरी-हिंगाची फोडणी आणि भाजलेला टोफू. वरून लिंबू पिळते, कारण क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. पालक-माठ सोडायचे असं नाही, आलटून पालटून करायचं. आणि घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर सोया आणि गोळी यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. सोयामुळे ती गोळी अंगात नीट शोषली जात नाही. सासूबाईंची गोळी पहाटे असते, म्हणून आमच्याकडे टोफू दुपारच्या जेवणात.

पालेभाजी कुठून घेता यालाही महत्त्व आहे. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या भाज्यांबद्दल मुंबईत वर्षानुवर्षं बोललं जातंय आणि ती काळजी रास्त आहे. मी भाजीवालीला माल कुठला ते सरळ विचारते. रोजची असेल तर सांगते.

आता तक्रार. एका ॲपवरून मागवलेलं टोफूचं पाकीट उशीसारखं फुगून आलं, भर मे महिन्यात. पाकीट फुगलं म्हणजे आत जिवाणूंनी वायू केला, थंडावा कुठेतरी तुटला. पैसे परत मिळाले, पण "तारीख उलटलेली नाही" हे ऐकून घ्यावं लागलं. तारीख न उलटताही टोफू खराब होतो, त्याला थंडावा सलग लागतो. तेव्हापासून मी तो दुकानातून स्वतः उचलते. पाकीट सपाट आहे ना, पाण्यातला असेल तर पाणी नितळ आहे ना, हे बघते आणि घरून नेलेल्या थंड पिशवीत घालून तडक घरी आणते. फोडल्यावर उरलेला तुकडा डब्यात पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलायचं, तीन दिवसांत संपवायचा. हाताला बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला तर मोह न धरता टाकून द्यायचा.

दुसरं गाऱ्हाणं कंपन्यांशी. सोयाबीन आपल्या मराठवाड्या-विदर्भात पिकतं, लातूरची बाजारपेठ देशातल्या मोठ्या सोयाबीन बाजारांत गणली जाते. तरी पाकिटावर ते कुठलं आहे हे मला छापलेलं सापडत नाही. परदेशी वाटावं असं चित्र मात्र पुढे असतं. लातूरचा शेतकरी पिकवतो ते त्याचं नाव घेऊन विका, दादरच्या बायका आवडीने घेतील.

आणि तो कापलेला अर्धा गुण पाकिटाच्या मापासाठी. दोघांच्या घरात २०० ग्रॅम एका भाजीला जास्त होतो आणि उरलेल्याचं पाणी बदलत बसावं लागतं. माझ्या इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी याच कारणाने टोफू घेत नाहीत, त्यांना मी माझ्यातला अर्धा देते. १०० ग्रॅमचं पाकीट काढा, साकळवायला काय वापरलं ते ठळक मराठीत छापा, मी पूर्ण पाच गुण देईन.