चिखलदरा की पचमढी? घरात सोळा वर्षांचं पोर असेल तर

मे महिन्यात नागपुरात कूलरसमोरून उठवत नाही, तेव्हा चार-पाच घरांनी मिळून थंड जागी कॅम्प करायचं ठरतं आणि नावं निघतात ती हीच दोन. अंतर दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, घाट दोन्हीकडे, उंचीतही उन्नीस-बीसचाच फरक. मी चिखलदऱ्याला सोळाव्या वर्षी आई-बाबांबरोबर राहिलो आणि पचमढीला तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीला घेऊन गेलो. त्यामुळे हे लिहितोय ते दहावी-अकरावीतल्या पोरांच्या आई-बाबांसाठी.

पचमढी देखणी आहे, यात वाद नाही. भर उन्हाळ्यातही बी फॉलला पाणी असतं. धूपगडावरचा सूर्यास्त माझी मुलगी अजून आठवते. चिखलदऱ्याला त्याच दिवसांत भीमकुंडाचा कडा कोरडाठाक असतो. राहण्या-जेवणाची सोयही मला पचमढीची बरी वाटली. बरोबर तान्ही मुलं किंवा आजी-आजोबा असतील, तर मीही बहुधा तिकडेच जाईन.

मला खटकली ती जिप्सी. धूपगड, बी फॉल ही ठिकाणं जंगलाच्या हद्दीत, तिथे स्वतःची गाडी चालत नाही. परवाना काढायचा, जिप्सी ठरवायची. एका जिप्सीत पाच-सहा माणसं, म्हणजे एक घर. आम्ही पाच घरं, पाच जिप्स्या. पहिल्या रात्री अंताक्षरीत माझ्या मुलीची वर्ध्याच्या एका मुलाशी छान गट्टी जमली होती. पुढचे तीन दिवस तो पुढच्या गाडीच्या धुळीत. "बाबा, मी त्यांच्या गाडीत बसू का?" तिने एकदाच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, नावं गाडीवार लिहिली आहेत. ती गप्प बसली. निघताना दोघं एकमेकांना नुसतं "बाय" म्हणाले. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला ते फार लागलं.

कारण मला १९९१ चा चिखलदरा आठवत होता. तिथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. सकाळी टँकर यायचा, भांड्यांची रांग लागायची. अमरावतीची एक मुलगी पितळी कळशी घेऊन उभी असायची. कळशीच्या गळ्याशी तिच्या आजीचं नाव कोरलेलं होतं, त्यावरून मला तिचं आडनाव कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी बादली तिच्या कळशीमागेच ठेवू लागलो. बोलायला दहा मिनिटं मिळायची.

आणि तिथे आम्ही सगळीकडे पायीच गेलो. देवी पॉइंट झाला, नागपूरकर भोसल्यांच्या हातून १८०३ मध्ये गेलेला गाविलगडही झाला. पोरं पुढे, मोठे मागे रमतगमत. पंचबोलला दरी आवाज परत देते. तिथे ती कठड्याशी उभी राहिली आणि तिने मोठ्याने हाक मारली ती माझ्या नावाने. दरीतून ते नाव पुन्हा पुन्हा आलं. मागून येणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं. कोणीच रागावलं नाही. तिची आई फक्त म्हणाली, "कठड्यापासून मागे ये गं." पुढे दीड वर्ष आमची अंतर्देशीय पत्रं चालली. मग बारावी आली आणि थांबली. पत्रं माझ्याकडे अजून आहेत, बायकोलाही माहीत आहे.

आता चिखलदऱ्यालाही गर्दी वाढली असेल, आणि तुमच्या पोरांना चालायचा कंटाळा असेल तर पचमढी वाईट नाही. पण नजरेच्या टप्प्यात राहूनही पोरांना आपापसात बोलता यावं, हे मला पचमढीत जमवता आलं नाही. धाकटा यंदा सोळाचा होतोय. पाच घरांना मी चिखलदराच सुचवलंय, आणि पाण्याची भांडी प्रत्येकाने आपापली आणायची, असंही कळवलंय.