शाळेचं फुकट लंच: जेवणाला चार स्टार, ‘फ्री लंच’च्या टक्क्याला दोन

आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, मुलगी चौथीत. इथे 2022-23 पासून सरकारी शाळेत नाश्ता आणि लंच सगळ्या पोरांना फुकट, कोणाचा बाप किती कमावतो ते बघत नाहीत. मला वाटलेलं काय मिळणार, दुधाचं खोकं आणि गार पिझ्झा, पण बरं असतं हो. लेकीचा जीव बीन-चीज बरिटोवर. ट्रेमध्ये फळ नाहीतर भाजी घ्यावीच लागते म्हणून ती सफरचंद घेते आणि ते तसंच दप्तरातून घरी येतं, या वर्षी दोनदा मुरंबा घातलाय मी त्याचा. सकाळची पोळीभाजीची धावपळ वाचली त्यालाच निम्मे स्टार.

वैताग आला तो शाळेतून येणाऱ्या घरच्या उत्पन्नाच्या फॉर्मचा. जेवण फुकट तर पगार कशाला विचारता? ऑफिसातल्या बाई म्हणाल्या हे जेवणासाठी नाहीच, शाळेच्या पैशांसाठी आहे. म्हणजे कमी उत्पन्नाची मुलं जास्त असली की राज्याकडून जास्त निधी येतो, आणि कमी उत्पन्न कोणाचं ते ठरतं जुन्याच लंचच्या नियमाने. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर फ्री, 185 पर्यंत रिड्यूस्ड, म्हणजे सवलतीत (काही राज्यांत अजून त्याचे जास्तीत जास्त 40 सेंट घेतात). 2025-26 साठी चार माणसांच्या घराला वर्षाला 41,795 आणि 59,478 डॉलर. मिसिसिपीसारख्या स्वस्त राज्यात हाच आकडा आणि इथेही हाच!! 60 हजारवालं घर कागदावर गरीब नाही, भाडं भरल्यावर हातात काय उरतं ते त्यांनाच विचारा.

बरं फॉर्म भरतो कोण, कोणी लाजून देत नाही, कोणी व्हिसाबिसाच्या भीतीने, हायस्कूलची पोरं तर घरी दाखवतच नाहीत. उलट जिथे 25 टक्के मुलं फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य-किराण्यासाठी सरकारी मदत) वगैरेमुळे आपोआप पात्र ठरतात तिथे अख्ख्या शाळेला फॉर्म न भरता फुकट जेवण देता येतं, मग काही याद्यांत ती शाळा 100 टक्के फ्री लंच म्हणून झळकते. आणि आपले लोक घर बघताना व्हॉट्सॲपवर टाकतात, "60 टक्के फ्री लंच आहे, ती शाळा नको", म्हणजे तिथे गरीब घरची पोरं जास्त. आम्ही पण तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू, एक चांगलं घर हातचं घालवलं.

माझ्या भाच्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी सगळ्यांनाच मिळते, मास्तर फक्त डोकी मोजतात. तिथे खिचडी खाणारा तो गरीब असं कोणी म्हणत नाही, कारण शेजारी सरपंचाचा नातूही ताट घेऊन बसलेला असतो.

फॉर्म मात्र भरा बाबांनो, आपण त्या नियमात बसत नसलो तरी, दहा मिनिटांचं काम आहे. आमचा तीन आठवडे फ्रिजवर मॅग्नेटखाली पडून होता, मुलीनेच शेवटी दप्तरात कोंबला, सफरचंदाच्या जागी.