मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: बोटीच्या गिअरबॉक्सच्या खडखडीवर चार महिने वापरून

ऑनलाइन घेतला, ४८० रुपये पडले. पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली येईलच. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखाच दिसतो, फक्त छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी वीतभर लांबीची स्टीलची सळई, तिचं टोक चालू मशीनच्या बॉडीवर टेकवायचं आणि आतलं ऐकायचं, बस.

आता बोटीबद्दल. मी आणि माझे साडू, आमची दोघांची मिळून एक बोट आहे चांदोदला, बडोद्याहून डभोईमार्गे पन्नासेक किलोमीटर. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही अलंगचे, भावनगरकडे जहाजं तोडतात तिथे त्रापजच्या रस्त्याला जे खाडे, म्हणजे जहाजांच्या जुन्या सामानाच्या वखारी आहेत ना, तिथून एका लाइफबोटीचं दोन सिलेंडरचं डिझेल गिअरबॉक्ससकट उचललं होतं. पाच वर्षं छान चाललं. या दिवाळीनंतर मात्र घाटावर आयडलला, म्हणजे इंजिन रिकामं हळू चालू ठेवून उभं असताना गिअरबॉक्समधून खडखड यायला लागली, पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे हलवावेत तशी. न्यूट्रलला जास्त, गिअर टाकला की जरा दबायची, आणि अकराशे-बाराशे आरपीएमच्या वर गेलं की एकदम गायब.

एका मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं उभ्याउभ्या ऐकलं आणि सांगितलं गिअर खाल्लेत, बॉक्स गेला, दुसरा बघा. साडूभाऊ तर लगेच अलंगला फोन लावायला निघाले होते. मीच म्हटलं थांबा. मी स्वतः मकरपुरा जीआयडीसीत ३१ वर्षं मेंटेनन्स केलाय, दात खाल्लेले गिअर मी ऐकलेत, ते वेग वाढला की जास्त ओरडतात, गप्प बसत नाहीत. हे उलटंच चाललं होतं. पूर्वी आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकायचो, त्यानेही काम होतं, पण बोटीत इंजिनाच्या खोक्यात वाकून, पट्टा फिरतोय, शाफ्ट फिरतोय, तिथे डोकं घालणं मला या वयात पटत नाही. म्हणून हा घेतला.

वापरायची पद्धत सांगतो कारण बॉक्सवर काहीच लिहिलेलं नाहीये. आधी लांबच्या जागेवर टेकवा, इंजिनाच्या पायावर वगैरे, एकदम आवाजाच्या जागी टेकवलं तर कानात हातोडा बसल्यासारखं होतं. मग एकेक जागा, प्रत्येक ठिकाणी पाच-सात सेकंद, आणि सगळीकडे आरपीएम तोच ठेवायचा नाहीतर तुलना होत नाही. मी पाण्याचा पंप ऐकला, फ्युएल पंप ऐकला, मग गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगचं हाउसिंग, तिथे तर लोण्यासारखा नुसता सळसळ आवाज. गिअर असलेल्या पोटावर थोडी खडखड. आणि पुढे बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ते घंटेसारखं कव्हर, तिथे टेकवलं मात्र, दचकलोच! सगळी खडखड तिथेच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता आमचा.

त्या कव्हरच्या आत फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, डँपर प्लेट असते, स्प्रिंगा बसवलेली, क्लचप्लेटसारखी दिसते. दोन सिलेंडरचं इंजिन हळू फिरताना धक्क्याधक्क्यानं फिरतं, प्रत्येक फायरिंगला फ्लायव्हील पुढे उसळी घेतं आणि मग मंदावतं, ते धक्के गिअरपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्या स्प्रिंगा. त्या ढिल्या झाल्या की शाफ्ट मागेपुढे आपटतो आणि लोकांना वाटतं गिअरबॉक्स वाजतोय. वेग वाढला की धक्के जवळजवळ येतात, फिरणं सलग होतं, आवाज बंद. खात्री म्हणून आयडल ७०० चं ८५० केलं, खडखड निम्म्यावर. तेलपण बघितलं, स्टीलच्या वाटीत काढून चुंबक फिरवलं, करडी बारीक लोणी-लोणी पेस्ट आली ती चालते, चमकणारे तुकडे आले असते तर मिस्त्री खरे ठरले असते. दुधट झालं असतं तर कूलरमधून पाणी शिरलंय असं समजायचं, तेही नव्हतं.

मग गिअरबॉक्स मागे सरकवला. सहातल्या दोन स्प्रिंगा तुटलेल्या, त्यातली एक तीन तुकडे होऊन कव्हरच्या तळाशी काळ्या भुकटीत पडलेली, आणि मधल्या स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्ट बसतो त्या दातेरी भोकाच्या दातांना एका बाजूने आरशासारखी चमक. गिअरचे दात मात्र ठणठणीत! प्लेट मुंबईहून मागवली, गिअरबॉक्सच्या किमतीपुढे काहीच नाही. पण पैशाचं सोडा, ती प्लेट भर नदीत पूर्ण तुटली असती तर इंजिन चालू आणि बोट ढकलणारा पाण्यातला पंखा बंद, आणि वर केवडियाला सरदार सरोवरातून पाणी सोडलं की चांदोदची नदी कशी चढते ते तिथले नावाडी सांगतील तुम्हाला. बडोद्यात हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला बोट उलटून शाळेची मुलं बुडाली त्यानंतर बोट म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळाच येतो. तिथली कारणं वेगळी होती, पण आवाज येतोय आणि तरी माणसं बसवून न्यायची हे आता माझ्याच्यानं होत नाही.

आता हा कुठे कमी पडतो. खडखड गेल्यावर खालून दुसरा आवाज उघडा पडला, गिअर टाकून चालताना धडधड, वेगाबरोबर वाढणारी. तो या स्टेथोस्कोपनं नाही सापडला, कारण ती धडधड अख्ख्या सांगाड्यात पसरलेली, कुठेही टेकवा सारखीच. शेवटी गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून दोन चकत्यांच्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घातला. साधा हिशोब आहे, फ्लँज, म्हणजे कपलिंगची चकती, जितक्या इंच व्यासाची तितके थाउ (इंचाचा हजारावा भाग) फरक चालतो, आमची चार इंची म्हणजे चार थाउ, खाली निघाले अकरा! मुळातच शाफ्ट आणि गिअरबॉक्सची लाइन बाहेर होती, त्यानंच प्लेटवर जास्तीचा ताण आला असेल असं माझं मत. आणि हो, ही लाइन बोट पाण्यात असतानाच बघा, वर काढून ठेवलेल्या बोटीचा आकार थोडा बदलतो, तिथे जुळवलेलं पाण्यात गेल्यावर जुळत नाही. इंजिनाच्या पायाखालचे नट फिरवून तीन थाउवर आणलं, धडधड गेली.

तर हा आवाज कुठून येतोय ते चोख सांगतो, कशामुळे येतोय ते तुमचं तुम्हाला ओळखावं लागतं, आणि त्यासाठी मशीन चांगलं असताना एकदा सगळ्या जागा ऐकून ठेवा म्हणजे बिघडल्यावर फरक कळतो. मी आता दर महिन्याला ऐकतो.

एक स्टार कापला तो कानातल्या बोंडांसाठी. कडक प्लॅस्टिक, दहा मिनिटांत कान दुखतात, आणि एक बोंड तर पहिल्याच दिवशी निघून बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडलं. सयाजी हॉस्पिटलसमोर सर्जिकल सामानाच्या दुकानात डॉक्टरी स्टेथोस्कोपची मऊ बोंडं सुटी मिळाली, ती यावर घट्ट बसली. रबरी नळीपण गरजेपेक्षा लांब आहे, लोंबते, फिरत्या कपलिंगजवळ जाताना ती शर्टाच्या आत खोचा किंवा एका हातात गुंडाळून धरा, हे मात्र अजिबात विसरू नका.