आयोवातला पेड शेड हंट: सकाळचे पैसे पाण्यात, दुपारचे वसूल

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी अडीच. त्यातला अर्धा तर आमच्या बाबांच्या नावावर आहे, फार्मवाल्याचा त्यात काही वाटा नाही. का ते पुढे कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेड हंट म्हणजे शिकार नाही, बंदूक-बिंदूक काही नाही, हरणांची गळून पडलेली शिंगं रानात शोधत फिरायचं एवढंच. इकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात, व्हाईटटेल जातीची हरणं भरपूर, आणि त्यांच्यातल्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात, साधारण डिसेंबर ते मार्च. आपल्या गाई-म्हशीची किंवा काळविटाची शिंगं वेगळी, आत हाड, वरून नखासारखं कवच, आणि जन्मभर तीच. सांबर, चितळ, हे व्हाईटटेल यांची मात्र आख्खी शिंगं म्हणजे निव्वळ हाड. माजाचा सीझन संपला, टेस्टोस्टेरॉन उतरलं की डोक्याला जिथे शिंग चिकटलेलं असतं तिथलं हाड विरघळायला लागतं आणि एक दिवस धक्का लागून शिंग खाली. एप्रिलपासून परत नवीन उगवायला सुरुवात, चार-पाच महिन्यांत पूर्ण वाढ. हे सगळं मला ऑफिसमधल्या एका कलीगने लंचला सांगितलं होतं, तेव्हापासून डोक्यात किडा होता.

आणि किड्याचं खरं कारण म्हणजे आजीचं सांबरशिंग. आमच्या घरी सांगलीकडे देवघराच्या कोनाड्यात वितभर तुकडा असायचा, कुणाची छाती भरली, पाय मुरगळला की सहाणेवर उगाळून लेप. आता तिकडे असलं काही रानातून उचलणंसुद्धा गुन्हा आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्यात गळालेली शिंगंही येतात, आणि ते योग्यच आहे, कारण गळालेलं कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं हे कोण ओळखणार. इकडे आयोवात मात्र सुटं गळालेलं शिंग उचलायला लायसन्स लागत नाही, फक्त कवटीसकट सापडलं तर हात न लावता अधिकाऱ्याला फोन करायचा, आणि दुसऱ्याच्या जमिनीत जायचं तर मालकाची परवानगी पाहिजेच. घोडं इथेच अडतं, आयोवात जवळजवळ सगळी जमीन खाजगी, आणि मी कुठल्या शेतकऱ्याला ओळखतो? म्हणून हे पेड प्रकरण.

तर डी मॉइन शहरापासून दक्षिणेला सव्वा तासावर एक फार्म आहे, नाव लिहीत नाही, शेवटी फोनवर माणूस नीट बोलला म्हणून. मोठ्यांना १२० डॉलर, बारा वर्षांखालच्यांना ६०, सकाळी आठ ते दुपारी तीन, सोबत गाईड, सँडविच लंच आणि सापडेल ते तुमचं. मी, बाबा आणि माझा नऊ वर्षांचा पोरगा असे ३०० डॉलर झाले. बाबा-आई यंदा फेब्रुवारीतच आले आणि थंडीत घरात अडकून वैतागले होते. आई आणि बायको दोघींनी आधीच हात जोडले, चिखलात चालायला पैसे देणारी माणसं पहिल्यांदा बघतोय म्हणाल्या.

मार्चचा तिसरा शनिवार, बर्फ गेलेला, आभाळ भरलेलं. गाईड म्हणाला हे बेस्ट हवामान, ऊन असलं की प्रत्येक काटकी चमकते आणि डोळे फसतात, ढगाळ असलं आणि जमीन ओली असली की शिंग बरोबर उठून दिसतं. हा मुद्दा दिवसभर पटत राहिला. दुसरी गोष्ट सांगितली की आख्खं शिंग शोधू नका, एखादं टोक, एखादा बाक शोधा, झाडाच्या फांदीला तसा गुळगुळीत बाक नसतो. आणि हळू चाला. गाईड तसा चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही, बोलका, माझ्या पोराच्या शंभर प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. उंदीर आणि खारी शिंगं कुरतडतात, कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी, त्यामुळे उशीर केला की अर्धंच शिंग हाती लागतं हे त्यानेच सांगितलं.

पहिली वीस मिनिटं झाली आणि माझ्या पोराला एक शिंग सापडलं, ओकच्या झाडाखाली. काय नाचला! मी फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, आत्याचे अंगठे आले. अर्ध्या तासाने अजून एक, तेही पायवाटेपासून हाताच्या अंतरावर. मग तिसरं. मी म्हटलं वा, पैसे वसूल, हे तर झाडाला लागल्यासारखे सापडतायत. बाबा मागे राहिलेले, वाकून जमीन बघत. मला हळूच म्हणाले, "हे कुणीतरी आणून ठिवलंय रे."

मी म्हटलं बाबा काहीतरीच काय. तर ते म्हणाले खाली बघ. आणि खरंच, बर्फाखाली चार महिने दबून सगळा पाचोळा पापडासारखा चपटा झालेला, आणि शिंग त्या पापडावर अलगद ठेवलेलं. जानेवारीत गळालं असतं तर बर्फ त्याच्यावर पडून वितळला असता, ते पानांत रुतलं असतं, खाली ठसा उमटला असता, पानांचा डाग लागला असता. इथे काही नाही, उचललं तर खालची पानं आजूबाजूच्या पानांसारखीच. शिवाय रंग. पडून राहिलेलं शिंग उन्हाच्या बाजूने पांढरं पडतं आणि खालून तपकिरी राहतं, हे चारी बाजूंनी सारखं फिकट, कपाटावर धूळ खात पडलेल्या वस्तूसारखं. बाबांनी आयुष्यभर शेती केलीय, कुठला दगड कालचा आणि कुठला पावसाच्या आधीचा हे त्यांना कळतं, मला ३०० डॉलर भरूनही कळलं नव्हतं.

तरी मी गप्प बसलो, म्हटलं पोराच्या आनंदावर कशाला पाणी. पण लंचला बसलो आणि पोरगाच शिंग उलटंपालटं करत मोठ्याने म्हणाला, बाबा, याला स्क्रूचं भोक का आहे? गाईडचं तोंड बघण्यासारखं झालं. सँडविच टर्कीचं होतं, त्याबद्दल मला वेगळं काही लिहायचं नाही, बाबांनी घरून आणलेली चपाती-चटणी खाल्ली, आम्हीही शेवटी तीच खाल्ली. शाकाहारी असाल तर आधी विचारा, आम्ही बुकिंगमध्ये लिहूनसुद्धा त्यांनी नुसतं मधलं मांस काढून दिलं.

लंचनंतर मात्र गाईड सरळ झाला. म्हणाला, मालक सांगतो म्हणून सकाळच्या पट्ट्यात ठेवतो, पलीकडच्या भागात मी स्वतः यंदा गेलो नाहीये, चालायची तयारी असेल तर चला. तिथे खरी मजा. मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेने, मग ओढा उतरून दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, थंडीत हरणं तिथेच उन्हाला बसतात, गवतात बसल्याच्या जागा स्पष्ट दिसतात, लेंड्या, केस. तिथे मल्टिफ्लोरा रोझ नावाचं काटेरी झुडूप इतकं माजलंय की बाभळीची आठवण यावी, माझं जॅकेट फाटलं. दोन तास काही नाही. पोरगा कंटाळला, मी पण मनातून गाडीपर्यंत किती चालायचंय याचा हिशेब करत होतो. माझी ८×४२ दुर्बीण नुसती गळ्यात लोंबत होती, झाडीत तिचा काही उपयोग नाही, उघड्या शेतात मात्र चालायचे कष्ट वाचतात.

बाबा एका काटेरी तारेच्या कुंपणापाशी थांबले. एके ठिकाणी तार जरा खाली आलेली आणि तिला राखाडी केस अडकलेले. म्हणाले, "जनावर हितनं उडी मारतंय." आणि पलीकडे जाऊन, जिथे पाय आपटतील तिथपासून गोल गोल फिरायला लागले, आमच्याकडे हरवलेली वेसण शोधतात तसे. पाच मिनिटांत गवतात अर्धं बुडालेलं शिंग. तपकिरी, जाड, उजव्या बाजूचं, चार टोकांचं, बुडाशी उंदराने नुकती सुरुवात केलेली. उचललं तर खाली पिवळं पडलेलं गवत आणि शिंगाचा हुबेहूब साचा. गाईड म्हणाला हेच तर आहे, उडीच्या धक्क्याने सैल झालेलं शिंग पडतं, कुंपण आणि ओढ्याचे उतार आधी बघायचे. ही गोष्ट सकाळीच सांगायची होती की राव! जोडीदार डावं शिंग खूप शोधलं, नाही मिळालं, दोन्ही एकाच जागी पडतील असं नसतं म्हणे.

तक्रारी अजून दोन. एक, गोचिडांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. थंडी असली तरी गोठण्याच्या वर तापमान गेलं की डिअर टिक जातीच्या गोचिडी फिरायला लागतात, लाईम डिसीज नावाचा आजार त्यांच्यामुळेच होतो, आणि रात्री अंघोळीच्या वेळी पोराच्या मानेवर एक सापडली. जाणार असाल तर पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा, आल्यावर काखा, कानामागं, केसांत सगळं तपासा. दुसरी, जाहिरातीत 'सोपा वॉक' लिहिलंय, बाबा रोज चालणारे म्हणून निभावलं, नाहीतर ६८ वर्षांच्या माणसाला तो ओढा झेपला नसता. रबरी बूट पाहिजेतच.

दुसऱ्या दिवशी मालकाला फोन केला. तो म्हणाला लहान मुलं असली की चार-दोन ठेवतो, कोणी रिकाम्या हाताने जायला नको. बरं, पण मग तसं लिहा ना, इस्टर एग हंट म्हणा, म्हणजे मुलांसाठी लपवलेली अंडी शोधायचा खेळ, आम्ही तेवढेच पैसे देऊ. त्याने पोराचे ६० डॉलर परत केले. आणि गंमत म्हणजे त्यानेच सांगितलं की शेतकऱ्यांना ही शिंगं नकोच असतात, वसंतात ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतात, बरेच जण नीट विचारलं तर फुकट फिरू देतात. म्हणजे मी १२० डॉलर देऊन हेच शिकलो की १२० डॉलर द्यायची गरज नव्हती.

एक मित्र वायोमिंगला चल म्हणतोय, एल्क या मोठ्या हरणाची शिंगं शोधायला. जॅक्सन गावाच्या चौकात त्या शिंगांच्या चार कमानी आहेत, फोटो बघितले असतील. पण तिकडे नियम कडक, हिवाळ्याने खंगलेल्या जनावरांना त्रास नको म्हणून राज्याच्या पश्चिम भागातल्या सरकारी जमिनीवर १ मेपर्यंत बंदी, आणि २०२४पासून आमच्यासारख्या बाहेरच्यांना आणखी आठवडाभर थांबावं लागतं. यंदा तरी जमणार नाही.

परत जाईन का? त्या फार्मवर नाही, फक्त लहान मुलं असतील आणि गंमत म्हणून जायचं असेल तर जा, स्क्रूच्या भोकाकडे दुर्लक्ष करा.

बाबांना ते शिंग गावी न्यायचं होतं, त्यांना कस्टम आणि कायदा समजावता समजावता माझा एक रविवार गेला. शेवटी इथेच ठेवायचं ठरलं. सोमवारी ऑफिसातून आलो तर बाबा किचनमध्ये माझा कॉफीचा मग पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाण्याचे थेंब टाकून शिंग उगाळत बसलेले, गुडघ्याला लावायला. रात्री विचारलं, फरक पडला का? तर म्हणाले, "हे सांबराचं कुठं हाय."