फिश टँकच्या नळीला कुठला व्हॉल्व्ह? आधी पाणी किती उंचावरून येतंय ते बघा

मे महिन्यात आठवडाभर गावी जायचं ठरलं की आमच्याकडे आधी तिकिटांचा नाही, टाकीचा विषय निघतो. टाकी दोन फुटी, वर पंखा. दीड-दोन दिवसांत सेंटीमीटरभर पाणी उडतं. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे १.८ लिटर. आठ दिवसांत पातळी इतकी खाली जाते की मागे टांगलेला फिल्टर हवा ओढायला लागतो. शेजारच्या काकूंना चावी देता येते, पण काकू पाण्याबरोबर मूठभर दाणेही घालतात. त्यापेक्षा नळीत एक व्हॉल्व्ह बसवलेला बरा.

सगळ्यात स्वस्त आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळणारा म्हणजे १२ व्होल्टचा प्लास्टिकचा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारा व्हॉल्व्ह. वीज दिली की टक् आवाज होऊन उघडतो, वीज गेली की स्प्रिंगने बंद होतो. लाइट गेली तर पाणी थांबलेलंच राहणार, हा त्याचा मोठा गुण. मीही तोच आणला. माळ्यावर पाण्याचा कॅन ठेवला, नळी खाली टाकीत सोडली. टक् आवाज छान आला, पाणी मात्र थेंब थेंब.

कारण साधं आहे. यातले बरेच व्हॉल्व्ह वॉशिंग मशीनच्या इनलेटसारखे असतात. आत रबरी पडदा असतो आणि तो उचलायचं काम पाण्याचा दाबच करतो. त्याला निदान ०.२ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाब लागतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार धरा. माझा कॅन टाकीपेक्षा जेमतेम तीन फूट वर, म्हणजे ०.०९ बार. पडदा उचलणार कसा?

हाच हिशेब थेट नळाला जोडणाऱ्यांनीही करावा. बारा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीचा दाब तीन बारच्या आसपास येतो, तिथे हा व्हॉल्व्ह झकास चालतो. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन-चार मीटर, तिथे तोच व्हॉल्व्ह कुरकुरतो. मित्राकडे चालला म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही. तो कितव्या मजल्यावर राहतो ते विचारा. माझ्या मते तरी नळाला थेट जोडूच नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. शिवाय व्हॉल्व्ह उघडा अडकला तर नळामागे सगळ्या सोसायटीची टाकी उभी असते.

आणि तो अडकतो. पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून पाणी वर जाऊन पडद्याला खाली दाबतं, म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो. मी एकदा खोलून पाहिलं तर त्या भोकात जावा मॉसचा, म्हणजे टाकीतल्या शेवाळासारख्या वनस्पतीचा, एक तंतू बसलेला. भोक बुजलं की व्हॉल्व्ह बंदच होत नाही. म्हणून टाकीतून येणाऱ्या पाण्याला, म्हणजे पाणी बदलताना उपसायच्या नळीला, सोलेनॉइड अजिबात नको. ‘शून्य दाबावर चालणारा’ म्हणून वेगळा सोलेनॉइड मिळतो. तो माळ्यावरच्या कॅनला चालेल, पण पाणी जायची वाटच लहान असल्याने पाणी सावकाश येतं, आणि बराच वेळ चालू राहिला की कॉइल चांगलीच तापते.

उपसायला मोटरवाला बॉल व्हॉल्व्ह घ्या. उघडायला पाच-दहा सेकंद घेतो, पण दाब लागत नाही, आणि आतली वाट पूर्ण मोकळी असल्याने विष्ठा, पानं सगळं निघून जातं. महाग आहे, तरी इथे पैसे वाचवू नका. खोट एकच: अर्ध्यात वीज गेली तर आहे त्या जागी, म्हणजे उघडाच, थांबतो. वीज जाताच साठवलेल्या विजेवर आपोआप बंद होणारा प्रकार मिळतो, तोच मागा. कोळंब्या पाळत असाल तर पितळेचा घेऊ नका. पितळेत तांबं असतं आणि ते त्यांना सोसत नाही.

बाहेरून नळी चिमटणारा पिंच व्हॉल्व्ह ऐकायला सुरेख, कारण पाण्याचा स्पर्श फक्त नळीलाच होतो. पण मऊ सिलिकॉनची नळी हवी, ती चिमटून चिमटून थकते, मग बदलत बसा. घरच्या टाकीसाठी मला तो हौसेचाच मामला वाटतो.

पाणी भरायला मी शेवटी व्हॉल्व्ह घेतलाच नाही, पेरिस्टाल्टिक पंप घेतला. रूळ फिरतात, नळी पिळत पाणी पुढे ढकलतात. थांबला तरी एक रूळ नळी दाबून धरतोच, त्यामुळे सायफन होत नाही, म्हणजे पाणी नळीतून आपोआप खाली वाहत राहत नाही. कॅन माळ्यावर नेण्याचीही गरज नाही, स्टँडखाली मावतो. वेग कमी, पण दिवसाला लिटरभर पाणी तर घालायचंय.

काहीही निवडलंत तरी दोन बंदोबस्त हवेतच. उपसायच्या नळीचं टाकीतलं तोंड तळाशी सोडू नका. जितकं पाणी काढायचं तितक्याच खोलीवर बांधा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहिला तरी तोंड उघडं पडून सायफन तुटतो. भरायच्या बाजूला कॅन टाकीतल्या रिकाम्या जागेपेक्षा लहान ठेवा. माझ्याकडे काठापर्यंत चार सेंटीमीटर, म्हणजे सात लिटरची जागा असते, म्हणून कॅन पाच लिटरचा. सगळा रिकामा झाला तरी खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येत नाही. आठ दिवसांना पाच लिटर कमी पडतात, परतल्यावर पातळी थोडी खाली दिसते. दिसू दे.

निघायच्या दोन दिवस आधी पाणी चालू असताना मेन स्विच पाडून बघा, आणि दहा मिनिटं टाकीसमोर बसा.